एकशे पाच टीएमसीचे वाटेकरी

आषाढ लागला की मराठी माणूस रोज सकाळी दोन चौकशा करतो. वारी कुठल्या मुक्कामाला पोचली आणि कोयनेत किती टीएमसी झालं. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, हे सांगता येणारे थोडे. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३१ कोटी लिटर, हे सांगता येणारे त्याहून थोडे. पण त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. "काल अठ्ठ्याऐंशी होतं, आज एक्क्याण्णव झालं," एवढं म्हणता आलं की पुरतं. स्वतःच्या साखरेचा आकडा बायकोपासूनही लपवणारी माणसं हा आकडा लोकलमध्ये मोठ्याने सांगतात.

वर्तमानपत्रंही ही हौस पुरवतात. पावसाळाभर एका चौकटीत तीन नावं ठरलेली: कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. प्रत्येकापुढे पावसाचे मिलिमीटर. नवजा हे गाव वाचकांपैकी फारसं कुणी पाहिलेलं नसतं. तरीही नवजाने पावसात महाबळेश्वरला मागे टाकलं की वाचकाला मनापासून बरं वाटतं. महाबळेश्वरच्या हॉटेलात भरलेल्या बिलाचा तो सूड असावा.

तर या कोयनेची धारणक्षमता १०५ टीएमसी आणि काठोकाठ भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून २,१६३ फूट. भाषणांत तिला महाराष्ट्राची वरदायिनी म्हणतात. वर म्हटला की तो कुणाला मिळाला हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. पण एकदा कराडला एक लग्न झालं आणि त्या लग्नाच्या निमित्ताने कोयनेचे बरेचसे वाटेकरी एकाच टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये भरले गेले.

पूजा उद्यावर होती, पाहुण्यांना दिवसभर करायचं काय हा प्रश्न होता आणि पाहुणे दिवसभर घरात राहिले तर यजमानांचं काय हा त्याहून मोठा प्रश्न होता. यजमानांनी परस्पर गाडी ठरवली. गाडीत सांगलीचे मामा, डोंबिवलीचे भावजी, चिपळूणची मावशी, आम्ही उरलेसुरले आणि नवऱ्या मुलाचे आजोबा, म्हणजे आबा. आबा मागच्या सीटवर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. ते का येतायत हे कुणी विचारलं नाही. लग्नघरात म्हाताऱ्या माणसाला गाडीत बसवणं हा त्याचा मान राखायचा प्रकार समजतात आणि त्याला बाहेर काढायचाही.

पाटण मागे पडलं तसा मामांचा आवाज चढला. सांगलीच्या माणसाला कोयना नकाशात शोधावी लागत नाही, ती त्याच्या झोपेत असते. किती दरवाजे, किती फुटांनी उचलले, किती क्यूसेक सोडलं, ते कराडच्या प्रीतिसंगमावर कधी येणार आणि सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कधी, हे सगळं मामांना पाढ्यांच्याही आधी आलेलं. "चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका," मामा बोटं मोजत म्हणाले, "आणि एकोणीस सालात सत्तावन्नाच्या वर गेलं. त्यानंतर मोजायचं सोडलं आम्ही. माळ्यावर बसून माणूस काय मोजणार?" बोलताना त्यांच्या सुरात तक्रार होती. तरी आपल्याइतका पूर दुसऱ्या कुणी पाहिलेला नाही याचा किंचित तोराही होता.

"पण धरण नसतं तर दर वर्षीच आला असता पूर," भावजी म्हणाले.

"आणि धरण आहे तर कधी येणार ते रेडिओवर कळतं. एवढाच फरक," मामा म्हणाले.

भावजींचा कोयनेशी संबंध विजेचा. ते चाळीस वर्षं एका कारखान्यात होते आणि कारखाने नसते तर धरण झालंच नसतं, असं त्यांचं मत आहे. ते अगदीच खोटं म्हणता येत नाही. ही नदी पाहून पहिल्यांदा तोंडाला पाणी सुटलं ते शेतकऱ्याच्या नव्हे, वीज बनवणाऱ्याच्या. पहिल्या महायुद्धानंतर टाटांनी इथली चाचपणी केली होती. पुढे १९२८ च्या सुमाराला पैशाची चणचण आली आणि योजना बासनात गेली. ती सरकारने पुन्हा बाहेर काढली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. पन्नासच्या दशकात काम सुरू झालं, १९६२ मध्ये वीज वाहू लागली आणि १९६४ पर्यंत भिंतही पुरी झाली.

तोंडाला पाणी सुटण्यासारखी ही नदी आहेच. कृष्णा, कोयना दोघी महाबळेश्वरच्या. कृष्णा सरळ पूर्वेची वाट धरते. कोयना मात्र सह्याद्रीला डाव्या-उजव्या हाताला ठेवून साठेक किलोमीटर दक्षिणेला चालत राहते, हेळवाकला आल्यावर कुणीतरी हाक मारल्यागत पूर्वेकडे वळते आणि कराडला बहिणीला भेटते. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे लांबट खोरं, वरून कोसळणारा पाऊस. नदीने धरणाची निम्मी बांधणी स्वतःच करून ठेवलेली. माणसाने करायचं ते एवढंच, की वळणापाशी दार लावून घ्यायचं. ते दार १०३ मीटर उंच आणि आठशे मीटरहून जास्त लांब झालं.

खरी गंमत पुढे आहे. या तळ्याच्या पश्चिमेला डोंगराची एक कड आहे आणि कडेपलीकडे जमीनच संपते. जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली थेट कोकण. मग इंजिनिअरांनी डोंगराच्या पोटातून बोगदे काढले आणि बंगालच्या उपसागराकडे निघालेली नदी पोफळीला खाली ढकलून अरबी समुद्राच्या वाटेला लावली. पडता पडता ती वीज करते. तेवढ्यावर सुटका नाही. खाली कोळकेवाडीला दुसरं धरण बांधून तेच पाणी पुन्हा अडवलं आहे आणि अलोऱ्याला त्याच्याकडून पुन्हा एकदा वीज करून घेतली जाते. सरकारी खात्यात एकाच कर्मचाऱ्याने एका दिवशी दोनदा काम केल्याची दुसरी नोंद माझ्या ऐकिवात नाही. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट होतात. हा आकडा भावजींनी असा सांगितला, की गाडीतल्या सर्वांना आपण त्यांच्या घरी फुकट पंख्याचा वारा खाल्ल्यासारखं वाटलं.

"आणि दोनदा राबवून झालेलं ते पाणी जातं कुठे?" मावशीने विचारलं. तिला उत्तर ठाऊक होतं. आमची मावशी उत्तर ठाऊक असल्याशिवाय प्रश्न विचारत नाही.

"वाशिष्ठीत," भावजी म्हणाले.

"आणि वाशिष्ठी कुणाच्या दारात?"

मावशीच्या भिंतीवर २२ जुलै २०२१ च्या पुराची रेघ आहे. रंग काढताना तिने ती रेघ मुद्दाम ठेवली आहे, पाहुण्यांना दाखवायला. त्या पुरात कोयनेच्या पाण्याचा हात होता की नव्हता यावर चिपळुणात अजून एकमत नाही आणि चिपळूण ते होऊ देईल असं वाटत नाही. उलट उन्हाळ्यात वाशिष्ठीला जे पाणी दिसतं ते या वीज करून सोडलेल्या पाण्याच्या, म्हणजे अवजलाच्या जिवावर, हे मावशी मान्य करते, पण हळू आवाजात. "तुम्हां घाटावरच्यांना पाणी हवंय, मुंबईकरांना लाइट हवाय," ती म्हणाली, "आणि आमच्याकडे येतं ते तुमचं वापरून झालेलं. वर आम्ही उपकार मानायचे!"

मामा लगेच सरसावले. कारण पश्चिमेला गेलेला थेंब पूर्वेला मिळत नाही आणि सांगलीकराला पावसाळ्यात जे पाणी नको असतं तेच उन्हाळ्यात हवं असतं. हा वाद गाडीत मिटला नाही, यात नवल नाही. तो तीन राज्यांनाही आपसात मिटवता आला नव्हता. शेवटी बच्छावत लवादाने आखून दिलं, की कोयनेतून पश्चिमेला वर्षाकाठी ६७.५ टीएमसीच वळवायचं. हिशेबाचं वर्ष १ जूनला सुरू होतं. म्हणजे आपला पाडवा चैत्रात, दिवाळीचा पाडवा कार्तिकात आणि धरणाचं नवं वर्ष मृगाच्या तोंडावर. मे महिन्यात वीज करावी की पाणी खाली सोडावं यावर मोठमोठी माणसं डोकं धरून बसतात आणि आकाशाकडे बघतात. इतकं शास्त्र वापरून शेवटी मान वर करायचीच.

कोयनानगरला पोचलो. धरण बघायला गेलेल्या माणसाला धरणावर जाता येत नाही, हे तिथे गेल्यावर कळतं. सुरक्षेचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. धरण बघायचं ते समोरच्या नेहरू उद्यानातून. तिथे फुलझाडं आहेत, कारंजी आहेत, घसरगुंडी आहे. शंभर मीटर उंच भिंतीसमोर लोक गुलाबाशेजारी उभे राहून फोटो काढतात. भिंत इतकी मोठी की ती फोटोत नीट मावत नाही आणि गुलाब मावतो.

तिथे एक गृहस्थ आपल्या मुलांना लेक टॅपिंग समजावत होते. आम्ही फुकट ऐकून घेतलं. चौथ्या टप्प्यासाठी जास्त पाणी हवं होतं, पण त्यासाठी तलाव रिकामा करणं परवडणारं नव्हतं. तेव्हा खालून बोगदा खणत तलावाच्या तळापर्यंत गेले, शेवटचा थोडा खडक ठेवला आणि १३ मार्च १९९९ ला तो सुरुंगाने उडवला. वर तलाव भरलेला, खाली पाणी बोगद्यात. आशियात असं पहिल्यांदाच झालं. २०१२ मध्ये पुन्हा एकदा केलं.

भावजी थक्क झाले. "आमच्या सोसायटीच्या टाकीला भोक पडलं तर आम्ही सेक्रेटरीला घेराव घालतो. इथे भोक पाडणाऱ्यांचा सत्कार झाला?"

"तुमच्याच विजेसाठी पाडलं," मामा म्हणाले.

मग कुणीतरी भूकंपाचा विषय काढला. कोयनेला गेल्यावर तो निघतोच. दख्खनचं पठार म्हणजे कधी न हलणारी जमीन, असं त्या काळी जाणकार मानत. तलाव भरू लागला तसे बारीक धक्के जाणवू लागले. आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, ४ वाजून २१ मिनिटांनी, लोक झोपेत असताना मोठा धक्का बसला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त झालं. धरणाला वरच्या भागात, जिथे भिंतीचा उतार बदलतो तिथे, आडव्या भेगा गेल्या. पण भिंत उभी राहिली. ती राहिली नसती तर कराड-सांगलीचं काय झालं असतं, हे मामांनीही बोलून दाखवलं नाही. सकाळपासून त्यांनी सोडलेला तो पहिलाच आकडा. वीज बंद पडली तेव्हा आपले दिवे कुणाच्या जिवावर लागतात हे मुंबईलाही समजलं.

जमिनीच्या पोटात आधीच ताण साठलेला होता. तलावाचं ओझं आणि खडकांच्या भेगांत मुरत गेलेलं पाणी यांनी त्याला वाट करून दिली, असं शास्त्रज्ञ सांगतात. धरणामुळे होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात तेव्हापासून कोयनेचं नाव जगात पहिलं येतं. इथे तीन किलोमीटर खोल भोक पाडूनही पाहिलं आहे. आणखी एक मान असा, की बांधकामांवर भूकंपाचा परिणाम अजमावणाऱ्या एका नामांकित संगणकप्रणालीच्या नमुना-उदाहरणांत कोयना धरण आहे. त्यामुळे ज्यांना सातारा कुठे आहे हे सांगता येणार नाही असे परदेशांतले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री कोयना धरण हलवून बघतात. बिचारी भिंत इथे पुढे आधार देऊन भक्कम केली आणि तिकडे संगणकावर तिला अजून रोज तडे जातात.

इथल्या लोकांना मात्र याचं काही वाटत नाही. लहानसा धक्का बसला की चहा पिणारा कप खाली ठेवत नाही, फक्त घोट घ्यायचा थांबतो. दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेली बातमी: कोयना परिसरात सौम्य धक्का, धरण सुरक्षित. लोक सुरक्षित, असं त्यात वेगळं लिहीत नाहीत. ते गृहीत असावं.

एव्हाना आबांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ते कठड्याशी उभे राहून भिंतीकडे नाही, तर भिंतीच्या मागे डोंगर जिथे लांब जात राहतात तिकडे बघत होते. भावजी सलगीने म्हणाले, "काय आबा, कसं वाटलं धरण?"

"बरं बांधलंय," आबा म्हणाले. "जागा आमची हाय."

आम्ही हसलो. आबा हसले नाहीत. त्यांचं गाव त्या पाण्यात होतं. अशी शंभराच्या आसपास गावं गेली. पाणी चढलं तेव्हा आबा दुसरीत होते. पाण्याखाली गेलेला वर्ग त्यांना आठवत होता आणि त्या वर्गात पाठ न झालेला तेराचा पाढाही. "त्या पाढ्याचं एक बरं झालं," ते म्हणाले, "गुरुजी पुन्ना इचारायला आलं न्हाईत."

गावं उठली ती सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी वाऱ्यावर उधळल्यागत जिथे जागा दिसली तिथे बसवली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला १९७६ मध्ये. भिंत पुरी होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. "आधी पुनर्वसन, मग धरण" ही घोषणा पुढे राज्यभर गाजली. कोयनेच्या लोकांना ती द्यायला थोडा उशीर झाला होता, कारण त्यांच्याकडे धरण आधीच होतं. आजही डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाबरोबर इथले लोक कोयनानगरला येऊन ठिय्या देतात. धरण पाहायला येणाऱ्यांत सर्वांत नियमित तेच.

जे बुडाले नाहीत त्यांचीही मजा आहे. पाण्याच्या रेषेच्या वर ज्यांची घरं होती ते मागेच राहिले आणि मधली वाट पाण्याखाली गेली. तापोळ्याच्या बाजूला आता बाजाराला, दवाखान्याला, नातेवाइकाकडे लाँचने जायचं. गाड्या तराफ्यावरून न्यायच्या. त्याच पाण्यावर पर्यटक बोटिंग करतात, त्याला मिनी काश्मीर म्हणतात आणि "इथल्या लोकांची काय चैन आहे!" असं म्हणून परत जातात.

आबांच्या घराला जमीन मिळाली ती सांगली जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला. जिथे पाऊस पडून पडून छपराचे वासे कुजायचे तिथून ही माणसं उठली आणि जिथे टँकरची वाट बघत बसायचं तिथे गेली. पाण्याने घर घेतलं आणि पाणीच मिळेना. पुढे बऱ्याच वर्षांनी टेंभूची उपसा योजना आली. कोयना कृष्णेला मिळते, तिच्या खाली टेंभूला ते पाणी अडवायचं आणि विजेच्या पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवत दुष्काळी तालुक्यांत न्यायचं. "म्हंजी बघा," आबांनी आम्हाला हिशेब समजावला, "पानी आमच्या शेतावरनं निघालं. भिंतीत अडलं. सुटलं. कराडला गेलं. तितनं ह्यांनी उचललं आन् डोंगर चढवून माज्या दुसऱ्या शेतावर सोडलं. आन् त्याचं बिल मला पाठवलं."

यावर मामा, मावशी आणि भावजी तिघांनाही काही बोलता आलं नाही. सकाळपासून प्रथमच तिघांचं एकमत झालं.

आबांना एका कार्यालयात मध्यंतरी कसलासा दाखला हवा होता. तिथल्या साहेबाने विचारलं, तुमची मूळ जमीन नक्की कुठे होती ते जागेवर दाखवता येईल का? आबा म्हणाले, येईल, पाणी जरा कडेला घ्या. साहेबाने ते टिपून घेतलं. पुढच्या महिन्यात तोच प्रश्न लेखी आला. आबांनीही तेच उत्तर लेखी दिलं. हा पत्रव्यवहार अजून चालू आहे आणि आबांना तो संपावा असं आता वाटत नसावं. सांगताना त्यांच्या डोळ्यांत जी चमक होती ती नातवाच्या हळदीतही मला दिसली नव्हती.

बाहेर पडलो. फाटकापाशी भज्यांची गाडी होती. पाऊस, घाट आणि कांदाभजी यांत पुनर्वसनाचा प्रश्न आड येत नाही. सगळ्यांनी आडवा हात मारला. बिल द्यायची वेळ आली तेव्हा भावजींनी पाकीट काढलं, मामांनी त्यांचा हात धरला, मावशीने पर्स उघडली आणि मराठी माणसांत बिलावरून जी झटापट होते ती रीतसर सुरू झाली. तेवढ्यात गाडीवाल्याने सांगितलं, पैसे आले. आबांनी मघाशीच दिले होते.

"अहो, आबा, तुम्ही कशाला?" भावजी कळवळले.

"ऱ्हाऊ द्या," आबा टोपी घालत म्हणाले. "पावनं हाय तुमी. आमच्या गावाला आलाय."

भावजींनी पाकीट खिशात ठेवलं. मामा कोयनेच्या फुटांवर बोलायचे थांबले. मावशीने उरलेली दोन भजी कागदात बांधून घेतली, कारण पैसे दिलेलं अन्न टाकायचं नसतं. डोंबिवलीच्या दिव्यांचं, सांगलीच्या उसाचं, चिपळूणच्या उन्हाळी नदीचं असं आमचं तिघाचौघांचं खातं आबांकडे साठ वर्षं थकलेलंच होतं. त्यात आता भजीही चढली.